दोरीला लागलेला हात

२ मार्च २००३

गुणाजीमामा आज सकाळच्या गाडीने कुडाळला उतरले आणि एसटीने तारकर्लीला आले. एकटेच. मामी आणि सर्वेश डोंबिवलीला आहेत, सर्वेश इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. आईने दारातच विचारलं, "रजेर इलंस काय रे?" मामा म्हणाले, "रजा आता त्येंनीच दिल्यानी. मोठी."

आईचे हे थोरले भाऊ. होडी सोडून मुंबईला गेलेले त्या घरातले पहिले. औषधांच्या एका कंपनीत कॉम्प्युटरला माहिती द्यायच्या कार्डांना भोकं पाडायच्या कामावर लागले आणि पुढे तिथेच कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायला लागले. जानेवारीत कंपनीने तयार सिस्टिम विकत घेतली आणि मामांचा विभाग बंद केला. अकरा जणांपैकी चार तरुणांना दुसरीकडे घेतलं. मामा बावन्न वर्षांचे आहेत.

मी शाळेत असताना मामा दर मे महिन्यात ऑफिसातले रद्दी कागद आणायचे. रुंद, हिरव्या पट्ट्यांचे, दोन्ही कडांना भोकं असलेले. पुढच्या बाजूला कुठल्या गोदामात किती बाटल्या शिल्लक ते छापलेलं असायचं, मागची बाजू कोरी. पाचवीपासून बी.कॉम.पर्यंतची माझी सगळी गणितं त्या कोऱ्या बाजूवर झाली. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्यात मामांचा वाटा किती आहे हे घरात कुणी बोलत नाही, पण मला माहीत आहे.

म्हणून ही वही. मामांना काम मिळेल त्या दिवशी हिचं शेवटचं पान लिहीन.

९ मार्च

मामांसोबत बांद्याला गेले होते. तिथल्या कॉम्प्युटर क्लासला शिक्षक हवा अशी जाहिरात होती. टेबलावरच्या मुलीने माझ्यापुढे प्रवेशाचा फॉर्म सरकवला आणि मामांना म्हणाली, "काका, मुलीला कुठला कोर्स द्यायचा?"

मामा म्हणाले, "मी शिकवायला आलोय."

तिने आतून सरांना बोलावलं. सर माझ्याच वयाचे असतील. त्यांनी विचारलं कशावर काम केलंय. मामा म्हणाले, कोबोलवर, ती प्रोग्रॅमची जुनी भाषा. सर म्हणाले, "ते अजून चालतं?" मामा म्हणाले, "तुमच्या बँकेत पैसे आहेत ना? मग चालतं." सर हसले नाहीत. इथल्या मुलांना इंटरनेट हवं असतं, असं म्हणाले, आणि चहाही न विचारता आत गेले.

परत येताना एसटीत मामा म्हणाले, "तो फॉर्म भरून टाकूक होयो होतो गो. शिष्यवृत्ती तरी गावली असती." मला त्यांनी अशी थट्टा केलेली आवडत नाही.

१६ मार्च

आमच्या वाडीतल्या चंदनदादाने किनाऱ्यावर सहा खोल्यांचं लॉज बांधलं आहे. आज तो घरी आला आणि मामांना म्हणाला, "गुणाजीकाका, माका विंग्रजी येणा नाय. मुंबय-पुण्याचे फोन येतत, मी नुसतो होय होय करतंय. तुमी काउंटरार बसा. सावलेत काम, पंख्याखाली."

मामा चटकन हो म्हणण्याच्या बेतात होते. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "अठ्ठावीस वर्षां कंप्युटर चालवल्यानी, आता चादरी आणि चाव्यो सांभाळतले?"

आई म्हणाली, "काम ता काम. माका कोणी इचारता, तू मासे कित्याक इकतंस म्हणान?"

मी म्हणाले, ज्ञानाचा मान ठेवायचा नसेल तर मला शिकवलंच कशाला. आई उठून आत गेली. मामा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. संध्याकाळी त्यांनी चंदनदादाला नाही म्हणून सांगितलं.

मला त्यांचा अभिमान वाटला. आणि माझ्या डोक्यात एक विचार आला आहे. मी ज्या पतसंस्थेत गेले आठ महिने हंगामी क्लार्क आहे, तिच्या पाचही शाखांमध्ये अजून सगळं हाताने लिहितात. कोल्हापूरच्या एका कंपनीने प्रोग्रॅम द्यायची तयारी दाखवली आहे, पण यतीनसरांना ती महाग वाटते. यतीनसर आमचे व्यवस्थापक. पुण्याला एम.बी.ए. करून आले आहेत, एकोणतीस वर्षांचे आहेत. नवं काही करायची धमक असलेला तालुक्यात तेवढा एकच माणूस आहे.

१९ मार्च

यतीनसरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "करून दाखवू दे त्यांना. आवडलं तर संचालक मंडळापुढे ठेवू. किशोरी, तुझ्यासारख्या मुली संस्थेचा विचार करतात याचं मला कौतुक वाटतं."

घरी येऊन सांगितलं. मामांनी विचारलं, "लिहून काय दितले? पद? पगार?"

मी म्हणाले, "रापणीत कोण लिहून मागता?"

आमच्याकडे रापण लागते तेव्हा होडी समुद्रात अर्धगोल फिरून जाळं सोडते आणि त्याच्या दोन्ही दोऱ्या वाडीतली माणसं किनाऱ्यावरून ओढतात. दोरीला ज्याचा हात लागला त्याचा वाटा पडतो. म्हाताऱ्यांच्या हातांना ओढ नसते, नुसता हात दोरीवर असतो, तरी वाटा पडतो. नाव लिहून घेत नाहीत, आधी ठरवत नाहीत. मला वाटतं, जगात इतका न्यायाचा नियम दुसरा नसेल. मी मामांना म्हणाले, "तुमी आधी हात लावा. वाटो चुकणा नाय."

बाबा पडवीत जाळं सांधत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "ता रापणीत, बाय."

बाबा कधी ऑफिसची पायरी चढले नाहीत. मामा मात्र हसले, आणि हो म्हणाले.

११ एप्रिल

मामांना मागची खोली दिली आहे, जिथे जुने कागद आणि मोडक्या खुर्च्या होत्या. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर. वीज गेली की मामा खिडकीजवळ बसून कागदावर लिहितात आणि वीज आली की तेच आत घालतात. इथे फॉक्सप्रो वापरायचं ठरलं आहे, मामांना ते येत नव्हतं. पुस्तक मागवून शिकले. पहिल्या आठवड्यात शिपाई त्यांना आजोबा म्हणत होता. मी त्याला बजावलं. आता काका म्हणतो.

यतीनसरांनी मला मामांजवळ बसून सगळं शिकून घ्यायला सांगितलं आहे. म्हणाले, "एकाच माणसाच्या डोक्यात सगळं राहणं संस्थेच्या हिताचं नसतं." किती दूरचा विचार करतात. माझं काउंटरचं निम्मं काम त्यासाठी कमी केलं.

मामांना शिकवायला येतं हे बांद्याच्या त्या सरांनी बघायला हवं होतं. मी चुकले की सांगत नाहीत. म्हणतात, "बरा. आता मशीन काय म्हणता ता बघ."

१८ मे

फार दिवसांनी लिहिते आहे. आंबे आणि पाहुणे.

ठेवी, कर्ज, व्याज, तिन्ही भाग चालू झाले. मामांनी प्रोग्रॅमच्या प्रत्येक पानावर, कुठली ओळ कशासाठी, हे मराठीत लिहून ठेवलं आहे. सहसा कुणी असं करत नाही म्हणे. मी विचारलं, कशासाठी? म्हणाले, "मागसून येणाऱ्याक ठेच लागा नये."

काल मामांनी यतीनसरांना विचारलं, मंडळाचं काय झालं. सर म्हणाले, काका, सभा पुढे गेली, निवडणूक आहे, तुम्ही निश्चिंत राहा. मामा निश्चिंत दिसले नाहीत. परतीच्या वाटेवर मला म्हणाले, "चंदनाचो काउंटर भरलो काय गो?" मी म्हणाले, मला माहीत नाही. माहीत होतं. कणकवलीचा एक माणूस ठेवला आहे. पण चांगलं काम पुरं होत आलेलं असताना मन मागे कशाला वळवायचं?

६ जुलै

वैभववाडीच्या शाखेत प्रोग्रॅम बसवायला मामा आणि मी गेलो. गाडीत मामांना त्यांच्या जुन्या ऑफिसातला एक माणूस भेटला. गावाला चालला होता. त्याने विचारलं, "सध्या कुठे?"

मामा म्हणाले, "सहकार क्षेत्रात. पाच शाखा बघतो."

मला इतकं बरं वाटलं. मनाने मामा आता आमच्या संस्थेचेच झाले आहेत. फक्त कागद यायचा राहिला आहे.

१२ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. बाबा आणि वाडीतले सगळे समुद्राला नारळ देऊन आले.

यतीनसरांनी सकाळीच आत बोलावलं. वार्षिक सभेत मामांचा सत्कार करायचं मंडळाने ठरवलं आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्राचा मजकूर मी लिहायचा. मी धावत मागच्या खोलीत गेले. मामा प्रिंटरची फीत बदलत होते. बोटं काळी झाली होती. म्हणाले, "सत्कार?" आणि परत फीत बसवायला लागले.

घरी आई म्हणाली, "सत्कार म्हंजे नोकरी काय गो?"

मी सांगितलं, आधी सत्कार, मग नेमणूक. लोकांसमोर मान दिल्यावर ते रिकाम्या हाताने कसे पाठवतील? आई म्हणाली, "नारळ देवन पाठवतत ना गो, रिकाम्या हातान खंय?" तिला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. बाजारात बसून माणूस असा होत असेल.

पण मला घाई आहे हे खरं. चतुर्थी एकतीसला आहे. सगळी मुंबई गावात येणार आणि पहिला प्रश्न तोच विचारणार, "सद्या खंय?" मामांच्या तोंडात त्याआधी खरं उत्तर असायला हवं.

२४ ऑगस्ट

सभा मंगल कार्यालयात होती. व्यासपीठावर सत्काराच्या तीन खुर्च्या होत्या. एकीवर दुसऱ्या शाखेतला निवृत्त होणारा शिपाई, दुसरीवर दहावीत पहिली आलेली मुलगी, मध्ये मामा. इस्त्रीचा पांढरा शर्ट. काल मिशीला रंग लावला होता, तो ओठाच्या कडेला थोडा उतरला होता. मला खाली बसून पुसावासा वाटत होता.

अध्यक्ष म्हणाले, "निवृत्तीनंतर माणसं नातवंडं खेळवतात. गुणाजीरावांनी संस्थेचं एवढं मोठं काम करून दिलं, तेही विनामोबदला. अशी निरपेक्ष माणसं आज दुर्मीळ झाली आहेत." टाळ्या पडल्या. यतीनसरांनी स्वतः शाल घातली.

कुणीतरी मामांना दोन शब्द बोला म्हणालं. मामा माईकजवळ गेले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "मी निवृत्त झालेलो नाही. मी काम शोधतो आहे."

सगळं कार्यालय हसलं. गमतीदार माणूस, असं माझ्या मागच्या बाई म्हणाल्या. आणखी जोरात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मला वाटलं, आता सर उभे राहतील आणि जाहीर करतील. पुढचा विषय लाभांशाचा होता.

२६ ऑगस्ट

काम मिळालं. मला.

'संगणक विभाग प्रमुख', कायम, आजपासून. यतीनसरांनी कागद हातात दिला आणि म्हणाले, "तू मिळवलंयस हे." मी विचारलं, आणि मामा? सर म्हणाले, "सेवानियमांत वयाची पस्तीसची अट आहे. आणि काकांना आता काय, मान मिळाला ना? अडलं तर मार्गदर्शनाला ते आहेतच, घरचेच आहेत." मी म्हणाले, मी विचार करून सांगते. सर म्हणाले, "विचार कसला? तुझ्यामागे कुडाळच्या दोन मुलींचे अर्ज आहेत."

पूर्ण दुपार मी त्या मागच्या खोलीत बसले. पस्तीसची अट मार्चमध्येही असेलच. मग त्यांनी सांगितलं का नाही? कदाचित त्यांनाही तेव्हा माहीत नसेल.

मी नाही म्हणाले तर कुडाळची मुलगी येईल. तिला प्रोग्रॅम कळणार नाही, ती तो बिघडवेल आणि मग सर कोल्हापूरची कंपनी आणतील. मामांचं काम पुसलं जाईल. मी असले तर ते टिकेल. हे मी स्वतःच्या सोयीसाठी म्हणत नाही, दोनदा तपासून बघितलं.

२७ ऑगस्ट

मामांना सांगितलं. ते ओसरीवर पेपर वाचत होते. म्हणाले, "घे."

मी म्हणाले, "तुमका राग नाय इलो?"

"माका एप्रिलातच कळला. तुका माझ्याकडे बसवल्यान, तेवांच."

"मगे शिकवलास कित्याक?"

"इचारीत होतंस तू. इचारणाऱ्याक सांगूचा नाय?" आणि पेपर उलटला. मग म्हणाले, "चंदन बरो माणूस. तेका मी नाय म्हणूक नको होता."

चंदनदादाचं नाव मध्येच कशाला काढलं ते मला विचारावंसं वाटलं नाही.

१ सप्टेंबर

मामी आणि सर्वेश परवा आले. मामांचं घर शेजारच्या वाडीत. एरवी बंद असतं, चतुर्थीला उघडतं. काल गणपती बसला. आज आरतीनंतर गणपतीवर फळं-पानं बांधून टांगलेल्या माटोळीखाली सगळे बसले होते. मामीने ट्रंकेतून शाल काढली आणि बायकांना दाखवली. "ऑफिसातून मिळाली. एप्रिलात लागले आणि ऑगस्टात सत्कार. मुंबईच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षांत कुणी पेनसुद्धा दिलं नाही."

मला कळेना कुठे बघू. मामांनी तिला एप्रिलपासून नोकरी लागली म्हणून सांगितलेलं होतं. दर महिन्याला कुडाळला जाऊन पैसे पाठवत होते. ते कंपनीने निरोप देताना दिलेल्यांपैकी होते, हे मला आत्ता समजलं.

मुंबईचे एक पाहुणे म्हणाले, "गुणाजी, मगे आता मोठो सायब झालंस. पद काय?"

मामा काही बोलण्याआधी मामी माझ्याकडे वळली. "हिलाच विचारा की. हिच्याच ऑफिसात आहेत. किशोरी, मामा तुझे साहेब ना गं?"

मामा मोदकाच्या ताटाकडे बघत होते.

मी म्हणाले, "हो."

सर्वेशने माझ्याकडे बघितलं. त्याला माझ्या आईने सकाळीच, मी विभाग प्रमुख झाले म्हणून, पेढा दिला होता.

२२ सप्टेंबर

सकाळी वैभववाडीचा फोन आला. सहामाहीचं व्याज निघत नाही, मशीन मध्येच थांबतं. मी फोनवरून सांगून बघितलं, जमलं नाही. मामांनी लिहिलेलं पान काढलं, तीनदा वाचलं. तिथे लिहिलं होतं, 'हा भाग नाजूक आहे. मला विचारा.' यतीनसर म्हणाले, "रिक्षा कर आणि काकांना घेऊन ये."

मामी आणि सर्वेश परत गेल्यापासून मामा पुन्हा आमच्याकडे आहेत. घरी नव्हते. आई म्हणाली, "रापणीर."

किनाऱ्यावर रापण लागली होती. बाबा पुढे, आणि दोरीच्या शेवटाला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, मामा. ज्या दोरीपासून सुटायला ते सोळाव्या वर्षी मुंबईला गेले, ती दोरी. तळहात सोलले होते, हे लांबूनही दिसत होतं, कारण ते मध्येच हात शर्टाला पुसत होते. मी ऑफिसची चप्पल हातात घेऊन वाळूतून गेले आणि सगळं सांगितलं. मामा ओढत राहिले. मी त्यांच्या बाजूने चालत राहिले, मागे मागे, दोरी जशी वर येत होती तशी.

"तुमी नाय इलास तर व्याज चुकतला," मी म्हणाले. "तुमचोच प्रोग्रॅम आसा."

"माझो?" मामा म्हणाले. "तुझ्या सायबाक सांग, माझो सत्कार झालो."

जाळं आलं. बांगडा होता, बऱ्यापैकी. रापणीचा म्होरक्या परशुराम तांडेल वाळूवर वाटे घालू लागला. वाटे घालताना तो कुणाचं नाव घेत नाही, नुसता माणसाकडे बघतो आणि मासे टाकतो. बाबांना टाकला. मामांना टाकला, सगळ्यांएवढाच, एक बांगडा कमी नाही की जास्त नाही. मामांनी वाकून वाटा टोपलीत भरला. इतक्या महिन्यांत मी त्यांना इतकं सावकाश काही करताना बघितलं नव्हतं.

मी तिथेच उभी होते. परशुराम माझ्यापर्यंत आला आणि थांबला. लहानपणी मी शाळेतून येऊन उगाच दोरी धरायचे तेव्हा तो मलाही दोन मासे टाकायचा.

"गो किशोरी, तुझो हात लागलो काय दोरयेक?"

"नाय. मी ऑफिसाच्या कामाक इलंय."

"मगे तुझो वाटो ऑफिसात पडलो आसतलो," परशुराम म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे गेला.

त्याला बिचाऱ्याला काही माहीत नाही, तो थट्टा करत होता. सगळे हसले, बाबासुद्धा. मामा हसले नाहीत. टोपली उचलून घराच्या वाटेला लागले.